लॉरीवाल्याला कोण विचारणार?

२०१८ सालच्या जुलै महिन्यातली गोष्ट. पाऊस धरून होता. बेळगावच्या मासळी बाजारात, जिच्याकडून आमच्या घरी वीस-बावीस वर्षे मासे येत होते त्या बाईसमोर मी पिशवी घेऊन उभा होतो. गोव्यात परराज्यांतून आलेल्या मासळीत फॉर्मेलिन आढळल्याची बातमी त्या दिवसांत रोज वर्तमानपत्रांतून येत होती, आणि घरून निघताना सांगण्यात आले होते की, विचारल्याशिवाय काही आणू नका. तेव्हा मी विचारले, "मावशी, तुमच्याकडे सरकारी परवाना आहे का हो?"

तिने हातातला बांगडा टोपलीत ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. "व्हय मास्तर, वीस वर्षं माझ्या हातचं मासं खाताय, आन् आज कागद मागताय? मी काय मासं घरात करत न्हाई. जे येतंय ते विकते. कागद पायजे तर लॉरीवाल्याला विचारा की!"

मी काही न घेता परत आलो. रिकामी पिशवी हातात होती आणि मनाला दोन बाजूंनी टोचत होते. एका बाजूने वाटत होते की, एका कष्टाळू, प्रामाणिक बाईचा आपण भर बाजारात अपमान केला. दुसऱ्या बाजूने वाटत होते की, आपल्या मुला-नातवंडांच्या ताटात काय पडते याची चौकशी वीस वर्षांत आपण एकदाही केली नाही, हाच खरा दोष. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतील काय? ज्याच्यावर आपला विश्वास आहे त्याच्याकडे पुरावा मागणे हा विश्वासघात आहे की कर्तव्य? आणि कायद्याने परवाना सक्तीचा केला म्हणजे माणसांमधल्या भरवशाचे काय होते? हा प्रश्न केवळ मासळीचा नाही. परंतु मासळीच्या निमित्ताने तो आपल्यापुढे अगदी उघडा येऊन पडतो, म्हणून त्याचा थोडा विचार करू.

प्रथम घडले ते काय, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे.

मासा हा अत्यंत लवकर बिघडणारा पदार्थ आहे. पाण्याबाहेर आल्या क्षणापासून त्याचा नाश सुरू होतो, आणि तो लांबवण्याचा प्रामाणिक उपाय एकच, तो म्हणजे थंडी. माशाइतकाच बर्फ घालून त्याला शून्य अंशाच्या आसपास ठेवला तर तो कितीतरी दिवस खाण्याजोगा राहतो. पण बर्फाला पैसे पडतात, बर्फ वितळतो, बर्फाने गाडीतली जागा अडते. ज्या गाडीत दहा पेट्या मासे जायचे तिथे बर्फामुळे पाच-सहाच जातात. येथेच मोह उत्पन्न होतो. फॉर्मेलिन म्हणजे फॉर्मल्डिहाइड या वायूचे पाण्यातले द्रावण. वैद्यकीय महाविद्यालयात मृतदेह टिकवण्यासाठी ते वापरतात, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. फॉर्मल्डिहाइड हे मनुष्याला कर्करोग उत्पन्न करणारे द्रव्य आहे असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली दिला. त्या निर्णयाचा आधार मुख्यत्वे श्वासावाटे शरीरात जाणाऱ्या वायूचा होता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु अन्नात ते मुद्दाम घालावे असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही, आणि आपल्या देशाच्या कायद्यातही ताज्या मासळीत ते घालण्यास मुळीच परवानगी नाही.

२०१८ च्या जून महिन्यात केरळच्या अन्नसुरक्षा विभागाने तपासणी नाक्यांवर असे हजारो किलो मासे पकडले. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने त्याच सुमारास एक सोपी चाचणी तयार केली होती. कागदाची लहानशी पट्टी माशावर घासायची, तीवर द्रावणाचा थेंब टाकायचा, आणि थोड्याच मिनिटांत रंगावरून कळते. ही चाचणी घेऊन गोव्याचे अन्न व औषध प्रशासन १२ जुलै रोजी पहाटे मडगावच्या घाऊक मासळी बाजारात गेले. परराज्यांतून आलेल्या गाड्यांतील मासळीत चाचणीने फॉर्मेलिन दाखवले. सकाळी ही बातमी गोवाभर झाली. संध्याकाळपर्यंत त्याच प्रशासनाने प्रयोगशाळेचा हवाला देऊन सांगितले की, आढळलेले प्रमाण मर्यादेच्या आत आहे. लोक संतापले. जे द्रव्य घालण्यासच बंदी आहे त्याची मर्यादा कसली, असे घरोघर विचारले जाऊ लागले. १८ जुलैला मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांनी बाहेरून येणाऱ्या मासळीवर महिनाअखेरपर्यंत बंदी घातली. पुढे त्याच वर्षाच्या उत्तरार्धात आणखी निर्बंध आले. बाहेरून मासळी आणणाऱ्याने प्रशासनाकडे नोंदणी केलेली असावी, परवाना बाळगावा आणि गाडी उष्णतारोधक असावी, अशा अटी झाल्या. त्यावर कारवार आणि सिंधुदुर्ग येथील छोट्या व्यापाऱ्यांनी विरोध केला. दोन-चार तासांच्या वाटेवरून आम्ही लहान गाड्यांतून मासे आणतो, आम्हांला दूरच्या किनाऱ्यावरून येणाऱ्या मोठ्या लॉऱ्यांच्या मापाने का मोजता, असे त्यांचे म्हणणे होते.

ही झाली हकीकत. आता प्रश्नाकडे वळू.

मावशीच्या रागामागे एक विचार होता आणि तो हलका नव्हता. तिचे म्हणणे असे की, आपला व्यवहार ओळखीवर चालत आला आहे. मी तुम्हांला ओळखते, तुम्ही मला ओळखता. मी एकदा वाईट मासा दिला तर तुम्ही दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येणार नाही, शेजारच्या टोपलीकडे जाल. हीच माझी जामीनकी. यापुढे कागद कशाला?

पूर्वीच्या काळी हे उत्तर पुरेसे होते, आणि ते का पुरेसे होते हे पाहिले पाहिजे. ओळखीच्या पाठीशी आणखी एक गोष्ट उभी होती, ती म्हणजे गिऱ्हाइकाची स्वतःची परीक्षा. आपल्या आया-आज्या मासे घेताना काय करीत? कल्ले उचलून लाल आहेत का पाहत, डोळे वर आलेले व स्वच्छ आहेत का पाहत, अंगठ्याने मांस दाबून ते पुन्हा वर येते का पाहत, आणि शेवटी नाकाजवळ नेत. ही परीक्षा कोणत्याही प्रयोगशाळेपेक्षा कमी प्रतीची नव्हती. मासा शिळा असेल तर तो स्वतःच तसे सांगत असे. विकणारी गप्प बसली तरी मासा बोलत असे.

फॉर्मेलिनचा खरा अपराध येथे आहे. ते शरीराला अपाय करते हे तर आहेच, परंतु नीतीच्या दृष्टीने त्याचा त्याहून मोठा दोष असा की, ते माशाचे तोंड बंद करते. मांस घट्ट राहते, दुर्गंधी दबते, माशी बसत नाही. सात-आठ दिवसांचा मासा कालच्या माशासारखा दिसतो. म्हणजे गिऱ्हाइकाला फसवताना त्याच्याशी एक शब्दही खोटा बोलावा लागत नाही, त्याचे डोळे, नाक आणि अंगठा यांनाच खोटे बोलायला लावले जाते. दुधात पाणी घालणारा आपली चोरी करतो, पण घट्ट दूध कोणते आणि पातळ कोणते हे ओळखण्याची आपली शक्ती तो हिरावून घेत नाही. हा मात्र ती हिरावून घेतो. आणि जेव्हा गिऱ्हाइकाच्या हातून त्याचे परीक्षेचे साधन काढून घेतले जाते, तेव्हा दुसऱ्या कोणीतरी त्याच्या वतीने परीक्षा करणे हा न्यायाचाच भाग होतो.

दुसरी गोष्ट अंतराची. ओळखीचा भरवसा ओळख असेल तेथपर्यंतच पोहोचतो. होडीतून मासे उतरले, किनाऱ्यावर लिलाव झाला, बाईने टोपली भरली आणि दारोदार विकली, असा व्यवहार होता तोपर्यंत पकडणारा, विकणारी आणि खाणारा हे एकमेकांच्या हाकेच्या टप्प्यात होते. आज दूरच्या किनाऱ्यावरचा मासा तीन-चार हातांतून, दोन-तीन राज्ये ओलांडून, दोन दिवसांनी मडगावला, आणि तेथून घाट चढून बेळगावला येतो. शेवटच्या हाताला आपण ओळखतो, पहिल्या हाताला ओळखत नाही. आणि विषाची बाटली उघडली जाते ती बहुधा मधल्या कुठल्यातरी हातात, जिथे कोणीच कोणाला ओळखत नाही.

यावरून मला असे वाटते की, परवाना मागणे हा ओळखीचा अपमान नाही. जेथे ओळख पोहोचू शकत नाही तेथे तिचे काम करण्यासाठी समाजाने निर्माण केलेली ती एक व्यवस्था आहे. परक्या गावात आपण डॉक्टरकडे जातो तेव्हा त्याच्या भिंतीवरची पदवी पाहतो. त्यात त्याचा अपमान होत नाही. गावातल्या डॉक्टरची पदवी आपण कधी वाचत नाही, कारण त्याने आपले बाळंतपण केलेले असते. कागद परक्यासाठी असतो. माझी चूक झाली ती कागद मागण्यात नव्हे. परक्याला विचारायचा प्रश्न मी ओळखीच्या माणसाला विचारला, आणि तिला परकी केले, ही माझी चूक. तिच्या रागाचे कारण हेच होते आणि तिने उत्तरही बरोबर दिले होते. लॉरीवाल्याला विचारा.

परंतु लॉरीवाल्याला विचारणार कोण? येथे कायद्याकडे पाहावे लागते.

अन्न सुरक्षा व मानके कायदा हा २००६ सालचा, आणि त्याची अंमलबजावणी ऑगस्ट २०११ पासून सुरू झाली. त्यापूर्वी १९५४ सालचा भेसळ प्रतिबंधक कायदा होता. नव्या कायद्यात अन्नाचा व्यापार करणाऱ्या प्रत्येकाला परवाना किंवा नोंदणी आवश्यक केली आहे. फेरीवाले व छोटे विक्रेते यांना परवान्यातून सूट आहे, पण नोंदणी करावी लागते. २०१८ साली वार्षिक उलाढाल बारा लाखांच्या आत असणाऱ्याला वर्षाला शंभर रुपये भरून ही नोंदणी करता येत होती. मासे पकडणारा कोळी मात्र त्याच्या मासेमारीच्या कामापुरता या कायद्याच्या बाहेर ठेवला आहे, जसा शेतकरीही ठेवला आहे. म्हणजे समुद्रात जाळे टाकणारा कायद्याबाहेर, आणि त्याचीच मासळी टोपलीत घेऊन बसणारी त्याची बायको कायद्याच्या आत. वरवर हे विचित्र वाटते. पण त्यामागे समज आहे. अन्न बाजारात आले, एका हातातून दुसऱ्या हातात गेले, की जबाबदारी सुरू होते.

याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे, ती सामान्य लोकांना फारशी ठाऊक नाही आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. जो व्यापारी दुसऱ्या विक्रेत्याला अन्न विकतो त्याने मालाच्या दर्जाविषयी लेखी हमी दिली पाहिजे, आणि साधी पावती किंवा बिल हेही अशी हमी समजले जाते. उलट, माल कोणाकडून घेतला हे जर विक्रेत्याला सांगता आले नाही, तर दोषाची जबाबदारी त्या विक्रेत्यावर येते. वाचकांनी याचा अर्थ नीट पाहावा. पावती हा एक दोर आहे. टोपलीपासून घाऊक व्यापाऱ्यापर्यंत, व्यापाऱ्यापासून लॉरीपर्यंत, लॉरीपासून लिलावापर्यंत तो जातो. तो अखंड असेल तर टोपलीत सापडलेला दोष दोर धरत धरत जिथून निघाला तिथपर्यंत पोहोचवता येतो. तो तुटलेला असेल तर दोष जिथे सापडला तिथेच राहतो, म्हणजे सर्वांत गरीब माणसाच्या माथी.

आणि प्रत्यक्षात काय होते? पहाटे चारला घाऊक बाजारात गर्दी, ओरडा, चिखल, बर्फाचे पाणी. बाई दोन पेट्या उचलते, रोख पैसे देते किंवा उधारीवर घेते. पावती मागायची तिची हिंमत नसते. मागितली तर उद्या तिला चांगली पेटी मिळणार नाही. कायद्याने दिलेले संरक्षण तिला व्यवहारात मिळत नाही, कारण ते मागण्याची ताकद तिच्याकडे नाही. मोठा व्यापारी मात्र परवाना काढतो, नवी गाडी घेतो, वकील ठेवतो.

म्हणून कोणी म्हणेल की, असले कायदे गरिबांच्या पोटावर पाय देणारे आहेत, ते नसलेले बरे. कारवार-सिंधुदुर्गाच्या लोकांच्या तक्रारीत हेच दुःख होते. नियम सर्वांना सारखा असला म्हणजे तो सर्वांना न्याय्य होतोच असे नाही. उष्णतारोधक गाडी दहा लॉऱ्यांच्या मालकाला एक खर्च आहे, एकाच टेम्पोवर घर चालवणाऱ्याला ती सर्वस्व आहे. हा आक्षेप खरा आहे. परंतु त्याचा निष्कर्ष चुकीचा आहे. नियम नसेल तर गरीब विक्रेत्याचे रक्षण होत नाही, त्याचा तोटा अधिकच होतो. जुलै २०१८ मध्ये काय झाले? फॉर्मेलिन घातले कोणी अनोळखी माणसाने, आणि गिऱ्हाईक तुटले ते टोपलीवालीचे. मी स्वतः तिच्यापुढून रिकाम्या हाताने उठलो. तिच्या टोपलीत त्या दिवशी कदाचित घाटाखालच्या होडीचे, पहाटे निघालेले स्वच्छ बांगडे होते. मला ते कळण्याचा मार्ग नव्हता, आणि तिला ते सिद्ध करण्याचा मार्ग नव्हता. खोट्याचा फायदा एकाने घेतला आणि खऱ्याने त्याची किंमत भरली.

तेव्हा प्रश्न नियम असावा की नसावा हा नाही. ओझे कोणाच्या खांद्यावर ठेवायचे हा आहे. जिथे लबाडी आत शिरते तिथे पहारा ठेवणे हा न्याय. जिथे ती पकडणे सोपे जाते तिथे पहारा ठेवणे ही केवळ सोय. टोपलीवाली रस्त्याच्या कडेला दिवसभर बसलेली असते, तिला पकडणे सोपे. लॉरी पहाटे तीनला येते आणि सूर्य उगवण्यापूर्वी निघून जाते, तिला पकडायला कोणाला तरी झोप मोडावी लागते. ज्या अधिकाऱ्यांनी १२ जुलैच्या पहाटे मडगावला आपली झोप मोडली त्यांनी, पुढे काहीही झाले असो, योग्य ठिकाणी हात घातला होता, हे मान्य केले पाहिजे.

पुढे जे झाले त्याबद्दल मात्र थोडे बोलणे भाग आहे. सकाळी दोष आणि संध्याकाळी मर्यादेच्या आत, हे लोकांना कसे पटावे? खरे पाहता यात शास्त्राची एक अडचण आहे. काही माशांच्या शरीरात, मेल्यानंतर, फॉर्मल्डिहाइड आपोआप थोडे तयार होते. आपला बोंबील हा त्यांतलाच. म्हणजे माशात फॉर्मल्डिहाइड सापडले एवढ्यावरून कोणी ते घातलेच होते असे ठरत नाही. किती आपोआप झालेले आणि किती वरून घातलेले, हे ठरवण्यासाठी माशाच्या जातीनुसार प्रमाण निश्चित असावे लागते, आणि पुढे २०१९ साली केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने माशांच्या गटांनुसार असे प्रमाण ठरवलेही. ही गोष्ट पहिल्याच दिवशी साध्या भाषेत लोकांपुढे ठेवली असती तर किती बरे झाले असते! काय माहीत आहे, काय अजून माहीत नाही आणि केव्हा कळेल, एवढे सांगितले असते तरी लोकांनी धीर धरला असता. लोकांना अडाणी समजून अर्धे सत्य सांगणे हाही एक प्रकारचा फॉर्मेलिनच आहे. तेवढ्यापुरते सर्व ताजेतवाने दिसते, आत मात्र नाश चालूच असतो. परवाना देणाऱ्या हातालाही एक परवाना लागतो. तो म्हणजे लोकांचा विश्वास, आणि त्याचे नूतनीकरण वर्षातून एकदा नव्हे, रोज करावे लागते.

आणखी एक गोष्ट माझ्या मनाला फार लागते. १९९७ साली युरोपीय देशांनी भारतातून येणाऱ्या मासळीवर काही महिने बंदी घातली. आमच्या कारखान्यांतली स्वच्छता त्यांना पुरेशी वाटली नाही, मालात रोगजंतू सापडले होते. तेव्हा आपल्याकडे केवढी धावपळ झाली! कारखाने सुधारले, पाणी तपासले जाऊ लागले, कामगारांना हातमोजे व टोप्या आल्या, प्रत्येक टप्प्यावर धोका कोठे आहे हे लिहून ठेवण्याची पद्धत आली, आणि सरकारी तपासणी संस्थेची मान्यता असल्याशिवाय युरोपला मासा जाईनासा झाला. हे सर्व आपल्याच माणसांनी, आपल्याच किनाऱ्यावर केले. म्हणजे करता येत नव्हते असे नाही. त्याच समुद्रातला, त्याच जाळ्यातला एक मासा परदेशी जाताना इतकी काळजी, आणि दुसरा मासा मडगावला, बेळगावला, हैदराबादला जाताना ती नाही, हे कशामुळे? परदेशी गिऱ्हाईक माल परत पाठवू शकत होते, आणि आपण परत पाठवू शकत नव्हतो, एवढाच फरक. जो नाही म्हणू शकतो त्याच्याशीच प्रामाणिकपणे वागायचे, याला प्रामाणिकपणा म्हणता येईल काय? माझ्या शेजाऱ्याचे मूल परत पाठवू शकत नाही, विचारू शकत नाही, चाचणी करू शकत नाही. नीतीची खरी कसोटी त्याच्या ताटापाशी लागते.

येथवर आपण लॉरीवाला, व्यापारी, सरकार यांच्याविषयी बोललो. परंतु वाचकहो, आपल्याविषयी बोलल्यावाचून हा लेख संपवणे प्रामाणिक होणार नाही.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. हा पुष्कळ माशांच्या विणीचा काळ, आणि समुद्रही खवळलेला असतो. आपल्या वाडवडिलांना हे ठाऊक होते. म्हणून उन्हाळ्यात बांगडा, बोंबील, जवळा सुकवून ठेवीत आणि पावसाळ्याचे दोन महिने सुक्या मासळीवर, कडधान्यावर काढीत. आता आपल्याला जुलैमध्येही सुरमई पाहिजे, पापलेट पाहिजे, तेही ताजे पाहिजे आणि परवडणाऱ्या दरात पाहिजे. समुद्र नाही म्हणतो तेव्हा आपण दूरच्या समुद्राकडे हात पसरतो. हा हात म्हणजेच ती लॉरी. मी जुलै महिन्यात सुरमई मागतो, स्वस्त मागतो, आणि बर्फाचे पैसे द्यायला कुरकुरतो, तेव्हा त्या बाटलीच्या झाकणावर माझाही एक हात असतो. लबाडी करणाऱ्याचा अपराध याने रतीभरही कमी होत नाही. पण माझा वाटा शून्य आहे असे मी म्हणू शकत नाही.

मग आपण काय करावे? मोठ्या गोष्टी आपल्या हाती नाहीत, पण लहान गोष्टी आहेत. पहिली, ऋतूप्रमाणे खावे. जे जवळ मिळते आणि जेव्हा मिळते ते घ्यावे, आणि नसेल तेव्हा नाही हे मान्य करावे. दुसरी, विकणारीला परवान्याचा प्रश्न पोलिसासारखा न विचारता, मासा कोठून आला, कोणाकडून घेतला, पावती मिळाली का, असे आपल्या माणसासारखे विचारावे, म्हणजे तिलाही तो प्रश्न घाऊक व्यापाऱ्याला विचारण्याचे बळ येईल. नोंदणी करताना तिला अर्ज भरता येत नसेल तर आपल्यातल्या लिहित्या-वाचत्या माणसाने अर्धा तास बसून तो भरून द्यावा. तिसरी, खरोखर शंका आली तर घरात बसून कुजबुजण्यापेक्षा कायद्याने दिलेला हक्क वापरावा. शुल्क भरून घेतलेला पदार्थ सरकारी अन्न विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा अधिकार साध्या गिऱ्हाइकालाही आहे. चौथी, आपल्यापैकी जे सरकारी नोकरीत, तपासणी नाक्यावर, नगरपालिकेत किंवा बाजार समितीत आहेत त्यांनी लक्षात ठेवावे की, तिथे न पाहता मारलेली एक सही शेकडो स्वयंपाकघरांत जाऊन पोहोचते.

मी दोन आठवड्यांनी पुन्हा बाजारात गेलो. मावशी माझ्याकडे न पाहता दुसऱ्याचे मासे कापत बसली होती. मी थांबलो. गिऱ्हाईक गेल्यावर म्हटले, "मावशी, त्या दिवशी मी चुकीच्या माणसाला विचारलं. तुमचं बरोबर होतं." ती काही बोलली नाही, पण बांगडे मोजून दिले आणि एक वर टाकला.

पुढच्या वर्षी तिची नोंदणी झाली. अर्ज माझ्या मुलीने भरला. पावतीचे मात्र सोपे नव्हते. व्यापारी पहिल्यांदा हसला, दुसऱ्यांदा रागावला. मग तिच्या रांगेतल्या चार-पाच बायका एका पहाटे मिळून गेल्या आणि पावती दिल्याशिवाय पेटी उचलणार नाही म्हणाल्या. आता तो देतो. वहीचा फाडलेला कागद, त्यावर त्याचे नाव, तारीख, माल कोठला आणि किती पेट्या, एवढेच. ओल्या हाताने धरल्यामुळे शाई पसरलेली असते. मावशी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून टोपलीखाली ठेवते. परवा मी न विचारताच तिने तो काढून माझ्यापुढे धरला. "बगा मास्तर," ती म्हणाली, "लॉरीवाल्याचं नाव बी लिवून घेतलंय ह्या खेपेला."